हलकी की मध्यम? ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकलींच्या वजनाचा ८० वर्षांचा वाद

गेल्या श्रावणात वेल्ह्याच्या पुढे, एका पाणंदीत, मी मोटारसायकल आडवी केली. वेग म्हणावा असा नव्हताच. पुढचे चाक शेवाळलेल्या दगडावरून घसरले आणि गाडी उताराच्या बाजूला निजली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण गाडी मित्राकडून मागून आणलेली, मध्यम वजनाची, टाकी काठोकाठ भरलेली आणि मागे शिलालेखांचे ठसे घेण्याचे सामान बांधलेले. तीन वेळा जोर लावला; तिन्ही वेळा ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली आणि पुन्हा निजली. अखेर वरच्या बांधावरून एक आजोबा आणि त्यांची नात उतरून आली. तिघांनी मिळून ती उभी केल्यावर आजोबांनी हात झटकत विचारले, “एवढं धूड कशाला गं घेतलंस, पोरी?”

मित्रहो, आजचा धागा त्या प्रश्नावर आहे. वीरगळांच्या नोंदींसाठी मला आता स्वतःची गाडी घ्यायची आहे, शिष्यवृत्तीतून साठवलेले पैसे एकदाच खर्च होणार आहेत, आणि जो भेटतो तो दोनच वाक्ये सांगतो: हलकी घेशील तर हायवेवर रडशील, मध्यम घेशील तर चिखलात रडशील. इतिहासाच्या विद्यार्थिनीने अशा वेळी जे करायचे तेच मी केले. हा वाद पहिल्यांदा कोठे उभा राहिला, ते शोधत मागे गेले.

प्रथम शब्दाचा अर्थ. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट लावून डांबरी रस्त्यावर कायदेशीरपणे धावणारी आणि डांबर संपल्यावरही न थांबणारी गाडी. शोरूमच्या भाषेत हलकी म्हणजे साधारण १२५ ते २५० सीसी आणि मध्यम म्हणजे ४०० ते ७०० सीसी. ही विभागणी इंजिनाच्या आकारावर आहे. पुढे दिसेल की खरा झगडा किलोंचा होता.

आपली कथा जर्मनीतील झ्शोपाऊ या छोट्या गावी सुरू होते. तेथे डीकेडब्ल्यू कंपनीचा कारखाना होता आणि १९३० च्या दशकात तेथून साध्या, स्वस्त, टू-स्ट्रोक गाड्या बाहेर पडत होत्या. हॉलंडमध्ये त्या गाड्या रॉटरडॅमची स्टॉकव्हिस ही पेढी विकत असे. पेढीचे संचालक ज्यू होते. नाझी राजवटीत त्या कारणाने स्टॉकव्हिसकडून विक्रीचा हक्क काढून घेण्यात आला. पेढीने हार मानली नाही. ती इंग्लंडमध्ये रॉयल एनफील्डकडे गेली आणि म्हणाली, अशीच एक गाडी आम्हाला बनवून द्या. डीकेडब्ल्यूच्या नमुन्यावर १२५ सीसीची छोटी गाडी तयार झाली. १९३९ साली ती लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

स्टॉकव्हिसच्या दुकानापर्यंत ती गाडी फारशी पोचली नाही. ब्रिटिश सैन्यापर्यंत मात्र पोचली. वजन अवघे ६० किलोंच्या आसपास. पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती पॅराशूटने खाली सोडता येत असे. सैनिकांनी तिचे नाव ठेवले ‘फ्लाइंग फ्ली’, उडती पिसू! १९४४ च्या सप्टेंबरात अर्नहेमला उतरलेल्या ब्रिटिश छत्रीसैनिकांबरोबर ती होती. तेथे रेडिओ संच दगा देत होते, आणि अशा वेळी निरोप्याच्या हातातली गाडी कुंपणावरून उचलून पलीकडे ठेवता येणे ही चैनीची बाब नसते.

त्याच युद्धात दुसऱ्या टोकाच्या गाड्याही होत्या. अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए ७४० सीसीची आणि सुमारे अडीचशे किलोंची. जर्मन सैन्याच्या बीएमडब्ल्यू आर-७५ ला साइडकार जोडलेली, त्या साइडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद दिलेली, आणि सगळे मिळून वजन चारशे किलोंच्या वर. रशियातल्या चिखलात जेथे रस्ताच उरत नव्हता तेथे अशा यंत्रांचा कस लागला. पण त्यांना हरवले ते दुसऱ्या मोटारसायकलीने नव्हे, जीपने. तेवढेच पेट्रोल जाळायचे, तेवढेच धूड ढकलायचे, तर चार चाके का नकोत? माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित धडा आहे. एका मर्यादेपलीकडे जड झालेली मोटारसायकल नकळत मोटारीशी स्पर्धा करू लागते, आणि चिखलात मोटार जिंकते.

युद्ध संपले आणि पराभूत जर्मनीचे आराखडे जेत्यांनी वाटून घेतले. डीकेडब्ल्यूच्या आरटी-१२५ वरून इंग्लंडमध्ये बीएसए बँटम निघाली, अमेरिकेत खुद्द हार्लेने १२५ सीसीची गाडी काढली, सोव्हिएत संघात ‘मॉस्क्वा’ बनली. झ्शोपाऊचा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि पुढे एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५५ साली जपानमधील वाद्ये बनविणाऱ्या एका कंपनीने आपली पहिली मोटारसायकल आणली. तीही आरटी-१२५ वरच बेतलेली होती. लोक तिला ‘लाल चतुर’ म्हणत. कंपनीचे नाव यामाहा. एका गावातल्या एका छोट्या इंजिनाची ही वंशावळ एखाद्या राजघराण्यापेक्षा कमी गुंतागुंतीची नाही. ती लक्षात ठेवा, कारण ही नावे पुन्हा येणार आहेत.

आता अमेरिका. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९५० च्या दशकात तरुण मंडळी ब्रिटिश रस्त्यावरच्या गाड्या घेऊन त्यांचे दिवे काढत, सायलेन्सर वर बांधत, रुंद हँडल आणि जाड टायर लावत. ५०० आणि ६५० सीसीच्या या ट्रायम्फ गाड्यांना ‘डेझर्ट स्लेड’ म्हणत. सपाट, कोरडे, मोकळे वाळवंट. तेथे वजनाचे फारसे ओझे वाटत नसे. ‘द ग्रेट एस्केप’ या १९६३ च्या चित्रपटात कुंपणावरून उडालेली मोटारसायकल आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती जर्मन गाडीचा वेष चढवलेली ट्रायम्फ होती, आणि ती उडी नायक स्टीव्ह मॅक्वीनने नव्हे, त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली होती.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६४ मध्ये, हे दोघे अमेरिकी संघातून पूर्व जर्मनीतल्या एर्फुर्टला गेले. ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ ही सहा दिवसांची स्पर्धा. जंगल, चिखल, ओले उतार. बड एकिन्सचे हाड मोडले, मॅक्वीन आपटून बाहेर पडला. बडचा भाऊ डेव्ह आणि आणखी एक सहकारी यांनी मात्र पदकांसह स्पर्धा पूर्ण केली. तेव्हा जड ट्रायम्फ अगदीच टाकाऊ होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण मुख्य करंडक पूर्व जर्मनीने घेतला, आणि तो घेतला एमझेडच्या लहान टू-स्ट्रोक गाड्यांवर. म्हणजे पुन्हा झ्शोपाऊ.

गंमत अशी की डेव्ह एकिन्सला लहान गाडीची करामत आधीच ठाऊक होती. १९६२ साली त्याने २५० सीसीच्या होंडावर मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाची संपूर्ण लांबी, तिहुआनापासून ला पाझपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटर, ४० तासांच्या आत पार केली होती. दोन्ही टोकांना तारघरात वेळेची नोंद केली, म्हणजे पुरावाही पक्का. (संशोधकांनो, शिका!)

येथवर सगळे जण रस्त्याची गाडी कापून-छाटून जंगलात नेत होते. १९६७ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात यामाहाने डीटी-१ ठेवली आणि ही पद्धत जुनी झाली. २४६ सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, साडेअठरा अश्वशक्ती, कोरडे वजन ११२ किलो. दिवे आहेत, नंबरप्लेटची जागा आहे आणि सांगाडा मात्र कच्च्या वाटेसाठीच आखलेला. १९६८ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली. शनिवारी हिच्यावर डोंगरात जा, सोमवारी हिच्यावरच कामाला जा. आज ज्याला आपण ड्युअल-स्पोर्ट म्हणतो त्या जातीचा मूळपुरुष मी हिलाच मानते.

‘कोरडे वजन’ या शब्दाजवळ क्षणभर थांबू. कोरडे म्हणजे पेट्रोल आणि इतर द्रव धरले नाहीत असे. पेट्रोलचा एक लिटर म्हणजे जवळपास पाऊण किलो. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातले कोरडे वजन आणि आजच्या शोरूममधले भरल्या टाकीचे वजन शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शिवकालीन होन आणि आजचा रुपया एकाच तराजूत घालणे.

मग मध्यम गाडी आली कशी? दोन कारणांनी. पहिले कारण धुराचे: टू-स्ट्रोक इंजिने तेल जाळतात, आणि १९७८ पासून अमेरिकेत मोटारसायकलींच्या धुरावर बंधने आली. दुसरे कारण अंतराचे. फोर-स्ट्रोक इंजिन कमी पेट्रोलमध्ये लांब जाते. ते थोडे मोठे घेतले तर दिवसभर न कुरकुरता चालते. १९७६ साली बाजारात आलेली यामाहा एक्सटी-५०० ही त्या विचाराची गाडी: ४९९ सीसी, एक सिलिंडर, कोरडे वजन १४० किलोंच्या आसपास.

तिची परीक्षा सहाराने घेतली. १९७७ साली थिएरी साबिन नावाचा फ्रेंच तरुण आबिजान-नीस शर्यतीत वाळवंटात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि घरी येऊन त्याने काय करावे? त्याच वाळवंटातून शर्यत काढली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहने निघाली. सुमारे १० हजार किलोमीटरनंतर डाकारला ७४ पोचली. त्या पहिल्या वर्षी मोटारी आणि मोटारसायकली एकाच यादीत मोजल्या गेल्या, आणि त्या यादीत पहिला होता सिरिल नव्हो, एक्सटी-५०० वर. दुसराही एक्सटी-५०० वरच. पुढच्या वर्षी पुन्हा नव्होच. मोठ्या कारखान्यांची यंत्रे आलेली नव्हती तोवर सहारा मध्यम गाडीचे होते.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर-८० जी/एस आणली. ७९७ सीसी, दोन सिलिंडर, ५० अश्वशक्ती, भरल्या टाकीने १८६ किलो. तेव्हा ती अवजड वाटली. आज १९६ किलोंच्या गाडीला आपण ‘मध्यम’ म्हणतो, यावरून आपली मोजपट्टी किती सरकली ते पाहा. १९८१ आणि १९८३ ला ह्यूबर ओरियोल तिच्यावर जिंकला. १९८४ आणि १९८५ ला गास्तों राहिए.

राहिएबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण मी पाच फूट दोन इंच आहे. हा बेल्जियन स्वार साडेपाच फुटांहूनही बुटका होता. १२५ सीसीच्या मोटोक्रॉसमध्ये तो तीनदा जगज्जेता झालेला, म्हणजे घडला तो हलक्या गाडीवर. डाकारच्या बीएमडब्ल्यूवर, प्रचंड टाकी भरलेली असताना, त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. निघताना तो गाडीच्या एका बाजूला उभा राही, गिअर टाकी, गाडी हलू लागली की टांग मारून वर चढे. उंची कमी असल्याने मोठी गाडी ‘झेपणार नाही’ असे मला सांगणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला राहिएचा तो प्रारंभ दाखवावा असे वाटते. मात्र त्यातला दुसरा अर्थही नाकारता येत नाही: त्याच्या मागे कारखाना होता, मदतनीस होते, आणि अंगात तीन जगज्जेतेपदांचे कौशल्य होते. माझ्या मागे ठसे घेण्याचा कागद आहे.

त्यानंतर डाकारच्या गाड्या फुगत गेल्या. १९८६ पासून सलग चार वर्षे होंडाची दोन सिलिंडरची एनएक्सआर-७५० जिंकली. मग काजिव्हा, मग पुन्हा यामाहा, तीही दोन सिलिंडरची. वेग वाढला आणि वाळूत दगड दिसण्याआधीच चाक त्यावर पोचू लागले. २००१ आणि २००२ चा विजेता फाब्रित्सिओ मेओनी ११ जानेवारी २००५ रोजी मॉरिटानियात शर्यतीतच मरण पावला. तो एकटा नव्हता. त्या शर्यतीने अनेक स्वार घेतले आहेत. वेग रोखण्यासाठी आयोजकांनी गाड्या लहान करायला लावल्या आणि २०११ पासून ४५० सीसीची मर्यादा सर्वांना लागू झाली. तीस वर्षांचा फेरफटका मारून डाकार एक्सटी-५०० हून लहान इंजिनावर परतली.

शर्यतींच्या झगमगाटापासून दूर, यामाहानेच १९८५ साली जपानमध्ये एक गाडी काढली होती, जिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. तिचे नाव सेरो, जपानच्या डोंगरांत राहणाऱ्या एका रानबकरीसारख्या प्राण्यावरून ठेवलेले. २२३ सीसी, कोरडे वजन १०२ किलो, बैठक जेमतेम ८१० मिलिमीटर. तिच्यामागची कल्पना होती ‘दोन चाके, दोन पाय’: चढ कठीण झाला तर खाली पाय टेकून, गाडीला चालवत, ढकलत न्या, त्यात लाज कसली? एखादी कंपनी आपल्या गाडीविषयी इतके प्रामाणिक बोलल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. ती गाडी सुधारत सुधारत २०२० पर्यंत विकली गेली.

२००३ मध्ये लोइस प्राइस या इंग्रज तरुणीने बीबीसीतली नोकरी सोडली आणि त्याच सेरोच्या २२५ वर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील उशुआइयापर्यंत प्रवास केला. तेव्हा ‘लहान गाडीने लांब जाता येत नाही’ हे विधान पुराव्यात टिकत नाही. टिकते ते एवढेच की वेळ जास्त लागतो.

पण २००४ साली टीव्हीने उलटे चित्र रंगवले. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला निघाले. मालिकेचे नाव ‘लाँग वे राउंड’. गाड्या बीएमडब्ल्यू आर-११५० जीएस ॲडव्हेंचर, अडीचशे किलोंच्या. त्या मालिकेने मोठ्या ‘ॲडव्हेंचर’ गाडीला प्रतिष्ठा दिली आणि वजनाची मोजपट्टी आणखी वर सरकली. मात्र मंगोलियात छायाचित्रकार क्लाउडिओ फॉन प्लांटा याच्या गाडीचा सांगाडा मोडला, तेव्हा त्यांनी काय घेतले? बाजारातून रशियन बनावटीची एक लाल इझ प्लॅनेटा-५. ३५० सीसी, टू-स्ट्रोक. इझची ही मालिका युद्धानंतर डीकेडब्ल्यूच्या ३५० वरून सुरू झालेली. स्टेपमधल्या चिखलात पुन्हा एकदा झ्शोपाऊचा वारस मदतीला आला!

आता आपल्याकडे. २०११ साली हिरोने इम्पल्स आणली: १५० सीसी, १३४ किलो. लोकांना ती कळली नाही, किंवा कळली पण ताकद कमी वाटली. काही वर्षांत ती बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि ‘लडाख’ हा शब्द गाडीचा समानार्थी झाला. २०१९ ला हिरोने पुन्हा धाडस केले. एक्सपल्स २००, वजन दीडशे-साठच्या मधले. २०२३ च्या अखेरीस हिमालयन ४५० आली: ४५२ सीसी, ४० अश्वशक्ती, १७ लिटरची टाकी, १९६ किलो. आपल्या चाकणला बनणारी केटीएम ३९० एंड्युरो आर मधली वाट काढू पाहते: इंजिन मध्यम गाडीचे, वजन हलक्या गाडीच्या जवळचे, त्याची किंमत टाकीत मोजावी लागते, कारण ती अवघी ९ लिटरची आहे.

साठ किलोंची उडती पिसू बनवणाऱ्या त्याच नावाच्या कंपनीची गाडी आज तिच्या तिपटीहून जड आहे, हे लिहिताना थोडे हसू येते. यात कंपनीचा दोष नाही. पुण्याहून स्पितीला जायचे असेल, चार-पाच दिवस महामार्गावर मालट्रकांच्या वाऱ्यात बसायचे असेल, मागे दुसरा माणूस आणि दोन बॅगा असतील, तर १९६ किलो हा शहाणपणाचा हिशोब आहे. तेथे दोनशे सीसीचे इंजिन पूर्ण पिळून चालवणे म्हणजे स्वतःला आणि गाडीला शिक्षा. मी तशी जाणार असते तर हा धागा लिहिलाच नसता.

माझा प्रवास वेगळा आहे. पुण्यातून पहाटे निघायचे, पानशेत किंवा भोरच्या बाजूला सत्तर-ऐंशी किलोमीटर डांबर, आणि मग शेवटचे पाच किलोमीटर: पाणंद, ओढा, कातळ, देवराईच्या कडेची निसरडी पायवाट. वीरगळ त्या शेवटच्या पाचात असतात, आणि त्या पाचात बहुतेक वेळा मी एकटी असते. दोन गाड्यांमधला सुमारे चाळीस किलोंचा फरक म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलिंडर आणि वर दहा किलो तांदूळ. वेल्ह्याच्या त्या पाणंदीत माझ्या गुडघ्यापर्यंत येऊन जी गाडी परत निजत होती, ती त्या सिलिंडरामुळेच.

गेल्या रविवारी एक जुनी, दोनशे सीसीची हलकी गाडी पाहायला गेले. मालकाने टायर दाखवले, इंजिन चालू करून आवाज ऐकवला, कागदपत्रे काढली. मी म्हटले, “काका, हिला एकदा गवतावर आडवी करून उचलून पाहू का?” ते माझ्याकडे बघतच राहिले. मग अंगणातली कुंडी बाजूला सरकवून त्यांनी जागा करून दिली. पाठ गाडीला लावली, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पायांनी मागे रेटत गेले. दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. पैसे येत्या शनिवारी द्यायचे ठरले आहे.